दुसऱ्या वर्षी लॅपटॉप बिघडला तर?

लॅपटॉपचं बिल बनत असताना 'वाढीव वॉरंटी टाकू का?' असा प्रश्न येतो आणि उत्तर द्यायला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न त्या अर्ध्या मिनिटाचे, किंवा त्यात घेतलेल्या निर्णयाचे पुढे काय झालं याचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचाय. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची आहे. आणखी दोन वर्षांसाठी किमतीच्या १२ टक्के जास्त मागताहेत, तेही आत्ताच्या आत्ता. नंतर मिळणार नाही म्हणे. भरावेत का?

उत्तर : 'नंतर मिळणार नाही' हे निम्मंच खरं आहे. दुकानाची स्वतःची योजना बहुधा खरेदीच्या वेळीच मिळते. पण लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या साधी मुदतवाढ मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत विकतात; त्यांच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकला की ती दिसते. अपघाती नुकसानीच्या संरक्षणाला मात्र मुदत कमी असते. ते खरेदीपासून ३०, ६० किंवा ९० दिवसांत घ्यावं लागतं. म्हणजे साध्या मुदतवाढीसाठी तुमच्या हातात जवळपास वर्ष आहे. तेवढ्या काळात यंत्र कसं चालतंय तेही कळेल.

आता १२ टक्क्यांचा हिशेब. लॅपटॉपची किंमत १०० धरा. सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलच्या मदरबोर्डचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचा), स्क्रीनचा आणि कीबोर्डचा मजुरीसकट दर विचारा. विकत घेण्याआधीही ते सांगतात. समजा मदरबोर्ड ४०, स्क्रीन १८ आणि कीबोर्ड ८ निघाला. १२ भागिले ४० म्हणजे ३० टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात मदरबोर्ड जाण्याची शक्यता शंभरात तीसच्या वर असेल, तरच निव्वळ पैशांच्या हिशेबात योजना परवडते. नीट वापरल्या जाणाऱ्या साध्या लॅपटॉपच्या बाबतीत एवढी शक्यता नसते. कीबोर्डसाठी तर १२ देऊन ८ वाचवण्यासारखं आहे.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कारखान्यातले दोष, म्हणजे कच्चं सोल्डरिंग किंवा सदोष चिप, बहुधा पहिल्या काही महिन्यांत बाहेर येतात आणि मूळ वॉरंटीत बसतात. झिजेचे बिघाड, म्हणजे बॅटरी, पंखा, बिजागरी, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून वाढतात. मधला काळ तुलनेने शांत असतो. बिघाडांचा आलेख काढला तर तो दोन्ही टोकांना चढलेला आणि मध्ये सपाट दिसतो, म्हणून अभियंते त्याला बाथटब आलेख म्हणतात. वाढीव वॉरंटी नेमकी त्या सपाट भागावर बसते.

तरीही काही यंत्रांसाठी आम्ही 'घ्या' म्हणू. माहितीपत्रकात रॅमपुढे 'सोल्डर्ड' किंवा 'ऑनबोर्ड' लिहिलंय का पाहा. तसं असेल तर रॅम मदरबोर्डवरच जडवलेली आहे. ती गेली की बोर्डच बदलावा लागतो. काही पातळ यंत्रांत एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्कही तशीच जडवलेली असते, आणि कीबोर्ड वरच्या आवरणाला रिव्हेट मारून बसवलेला असतो. अशा यंत्रात छोटा बिघाड उरतच नाही. याउलट रॅमपुढे 'सोडिम' आणि एसएसडीपुढे 'एम डॉट टू' असेल, तर हे भाग स्क्रू काढून बदलता येतात. तिथे योजनेचे १२ टक्के बाजूला टाकून ठेवणं आम्हाला जास्त पटतं. रोज दहा-बारा तास गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी तापणारं यंत्र असेल, किंवा एकदम ४० टक्के खर्च आला तर तो पेलणारच नाही अशी स्थिती असेल, तरीही घ्यावी. दुसरं कारण आकड्यांत बसत नाही, पण तेच जास्त महत्त्वाचं आहे. मोठा फटका झेपत नसेल तर थोडे जास्त पैसे देऊन तो टाळणं यात काही चुकीचं नाही.

प्रश्न : लॅपटॉपवर ग्लासभर पाणी सांडलं. तीन वर्षांची वॉरंटी होती, तरी सर्व्हिस सेंटरने 'लिक्विड डॅमेज' लिहून परत पाठवला. मग पैसे कशाचे घेतले?

उत्तर : तुमचा राग समजतो, कारण विकताना हा फरक फार थोडे लोक सांगतात. वाढीव वॉरंटीने मूळ वॉरंटीची फक्त मुदत वाढते. मूळ वॉरंटीत पाणी, पडणं, विजेचा अचानक वाढलेला दाब हे बसत नव्हतं, म्हणून वाढवलेल्या मुदतीतही बसत नाही. त्यासाठी 'अपघाती नुकसान संरक्षण' ही वेगळी योजना असते. बिलावर नुसतं 'एक्स्टेंडेड' लिहिलेलं असेल तर अपघात त्यात नाही असंच धरून चाला. सांडलेलं लपवूनही उपयोग नसतो. काही यंत्रांत आत पांढरे बारीक कागदी ठिपके चिकटवलेले असतात, ते ओले झाले की लाल होतात; आणि ते नसले तरी बोर्डावरचे हिरवट-पांढरे डाग उघडताक्षणी दिसतात.

अपघाती संरक्षण घेतलंत तरी तीन गोष्टी पाहा : वर्षातून किती घटना मान्य (बरेचदा एकच), प्रत्येक वेळी स्वतःच्या खिशातून किती भरायचे, आणि घटना घडल्यापासून किती तासांत किंवा दिवसांत कळवायचं. चोरी आणि हरवणं बहुतेक योजनांत नसतं.

पाणी सांडल्यावर पुढच्या पाच मिनिटांत जे होतं, त्यावर बोर्ड वाचणार की नाही हे ठरतं. पाण्यापेक्षा ओल्या बोर्डातून वाहणारी वीज जास्त घातक असते. दोन तांब्याच्या रेषांमध्ये पाणी आणि विद्युतदाब एकत्र आले की धातू विरघळून सरकायला लागतो. म्हणून :

आधी चार्जरची पिन काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरून यंत्र पूर्ण बंद करा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. झाकण पूर्ण उघडून लॅपटॉप टेबलाच्या कडेवर उलट्या 'व्ही'सारखा ठेवा, म्हणजे पाणी कीबोर्डकडून बाहेर उतरेल. हेअर ड्रायर मारू नका. गरम झोत पाणी आणखी आत ढकलतो. तांदळात पुरून ठेवण्याचाही फायदा नाही. आणि 'चालतोय का बघू' म्हणून सुरू तर अजिबात करू नका. साखर किंवा दूध असलेलं पेय सांडलं असेल तर वाळल्यावरही थर राहतो. तो बोर्ड बाहेर काढून ९० टक्क्यांहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो. अपघाती संरक्षण असेल तर स्वतः किंवा बाहेर उघडू नका, तसाच अधिकृत केंद्रात न्या.

प्रश्न : कंपनीच्या योजनेपेक्षा दुकानाची योजना जवळजवळ निम्म्या पैशांत आहे. फरक काय?

उत्तर : बिघाडाचे पैसे कोण देतो, हा फरक. कंपनीच्या योजनेत कंपनी मूळ सुटे भाग घालून दुरुस्त करून देते. दुकानाच्या योजनेमागे बरेचदा विमा कंपनी किंवा तिसरी सेवा कंपनी असते. दुकान फक्त विकतं. मग दुरुस्ती कुठे होणार, भाग मूळ की पर्यायी, आणि पैसे आधी तुम्ही भरून नंतर परत मागायचे का, हे सगळं त्या तिसऱ्या कंपनीच्या अटींवर ठरतं.

अटींचा कागद विकत घेण्याआधी मागा. नुसतं जाहिरातपत्रक चालणार नाही. त्यात 'घसारा', म्हणजे वापरामुळे घटलेली धरली जाणारी किंमत, हा शब्द शोधा. समजा लॅपटॉप १०० चा होता, तिसऱ्या वर्षाला ४० टक्के घसारा आणि तुमचा वाटा ५ अशी अट आहे. दुरुस्तीचा खर्च ६५ निघाला. यंत्राची आजची किंमत ६० धरली जाते. दुरुस्ती त्याहून महाग, म्हणून ते 'दुरुस्त करण्याजोगं नाही' असं ठरतं. तुम्हाला ६० वजा ५, म्हणजे ५५ मिळतात, जुना लॅपटॉप त्यांच्याकडे जातो आणि योजना तिथेच संपते. कागदावर हे आधी वाचलं असेल तर धक्का बसत नाही.

दुसरी जागा म्हणजे तारखा. 'दोन वर्षांची योजना' मूळ वॉरंटी संपल्यापासून सुरू होते की खरेदीच्या दिवसापासून? खरेदीपासून असेल तर पहिलं वर्ष कंपनीच्या वॉरंटीत आधीच होतं. म्हणजे तुम्ही दोन वर्षांचे पैसे देऊन एकच वर्ष घेतलंत. स्वस्त वाटणारी योजना इथेच महाग पडते.

बिलावरचा सिरियल नंबर आणि लॅपटॉपच्या तळाचा नंबर एकसारखा आहे ना, तेही काउंटरवरच जुळवा. एक अक्षर चुकलं तरी क्लेम अडतो.

प्रश्न : चौदा महिन्यांत बॅटरी निम्म्यावर आली. वॉरंटी तीन वर्षांची आहे, पण बॅटरी त्यात नाही म्हणतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : दुर्दैवाने नेहमीचंच आहे. बॅटरी 'उपभोग्य भाग' मानली जाते आणि लॅपटॉपची वॉरंटी कितीही वर्षांची असली तरी तिची बहुधा एकच वर्षाची असते. काही कंपन्या बॅटरीची मुदत वेगळी वाढवून देतात. ॲपलकेअर प्लस योजनेत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेलेली बॅटरी बदलून मिळते. बाकी ठिकाणी कागदात 'बॅटरी' शब्द स्पष्टपणे समाविष्ट भागांच्या यादीत आहे का, ते पाहावं.

विंडोजमध्ये बॅटरीची खरी स्थिती दोन मिनिटांत कळते. कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' टाइप करा, एक जागा सोडून तिरकी रेघ द्या आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' लिहून एंटर दाबा. अहवाल कुठे साठवला ते स्क्रीनवर येतं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३८,००० मिलिवॅट-अवर असेल तर बॅटरी ७६ टक्क्यांवर आहे. बऱ्याच लॅपटॉप बॅटऱ्या ३०० ते ५०० चार्जिंग फेऱ्यांनंतर (एकूण १०० टक्के क्षमता वापरली की एक फेरी) ८० टक्क्यांच्या आसपास येतात. ॲपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकसाठी १००० फेऱ्या सांगते. तुमच्या फेऱ्या शे-दीडशेच झाल्या असतील आणि क्षमता निम्मी असेल, तर तो दोष म्हणून लेखी तक्रार करा, अहवाल जोडा. मुदत संपली असली तरी मागून पाहायला हरकत नाही.

लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असेल तर कंपनीच्या ॲपमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आल्या की लिथियम बॅटरी लवकर थकते.

टचपॅड वर उचललेला दिसला, क्लिक जड झालं किंवा तळ टेबलावर डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा. दाबू नका, टोचू नका. हा वॉरंटीपेक्षा सुरक्षेचा प्रश्न आहे.

प्रश्न : बिजागरीपाशी आवरण तडकलं. कुठे पडला नाही, आपटला नाही. तरी 'फिजिकल डॅमेज' म्हणून दुरुस्तीचे पैसे मागितले.

उत्तर : वॉरंटीतला सगळ्यात जास्त वादाचा भाग हाच. बिजागरी स्वतः स्टीलची आणि मजबूत असते. ती दोन-चार स्क्रूंनी आवरणाला बसवलेली असते, आणि ते स्क्रू ज्यात फिरतात ते बारीक पितळी नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांत गरम करून बसवलेले असतात. बिजागरी घट्ट असेल तर झाकण उघडताना सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो. एके दिवशी नट प्लॅस्टिकसकट उपटून निघतो. त्यानंतरही झाकण उघडझाप करत राहिलं की सुटलेली पट्टी आवरणाला आतून ढकलते आणि तडा बाहेर दिसतो. सर्व्हिस सेंटरला दिसतो तो शेवटचा तडा, म्हणून ते बाह्य नुकसान लिहितात.

वेळेत पकडलं तर बाजू तुमची असते. झाकण उघडताना 'कट्' आवाज येणं, स्क्रीनभोवतालची चौकट आणि मागचं आवरण यांत केसाएवढी फट दिसणं, खालचा कोपरा जरासा उचलला जाणं, ही लक्षणं दिसली की उघडझाप थांबवा, फोटो काढा आणि त्याच दिवशी तक्रार नोंदवा. बाहेर तडा नसताना नोंदलेली तक्रार नाकारणं त्यांना अवघड जातं. आता तडा गेलाच असेल, तर फेरतपासणी मागताना खुंट्या आतून उपटल्यात आणि आवरणावर आपटल्याची खूण कुठेच नाही, हे फोटोंसह लिहून द्या. बाहेर दुरुस्त करायची वेळ आली तर खुंट्या इपॉक्सीने चिकटवण्यापेक्षा आवरणच बदलून घ्या; चिकटवलेला सांधा तेवढाच जोर पुन्हा सहन करत नाही. आणि उशीर नको. स्क्रीनची केबल बिजागरीजवळूनच जाते, ती चेपली की चित्र लुकलुकायला लागतं.

झाकण नेहमी वरच्या कडेच्या मध्यावर धरून उघडा. एका कोपऱ्याला धरून उघडलं की एकाच बिजागरीवर पीळ पडतो.

प्रश्न : 'ऑनसाइट, नेक्स्ट बिझनेस डे' असं लिहिलंय. म्हणजे दुसऱ्या दिवशी घरी दुरुस्त होणार ना?

उत्तर : तशी खात्री नसते. आधी फोनवर तपासणी होते. ती पूर्ण होऊन कुठला भाग लागणार हे ठरलं की त्यानंतरच्या कामाच्या दिवसापासून मोजणी सुरू. भाग उपलब्ध नसेल तर वाट पाहावी लागते. तरीही लॅपटॉपवर रोजचं काम अवलंबून असेल तर ऑनसाइटचे जास्त पैसे आम्ही योग्य मानतो, कारण यंत्र आठ-पंधरा दिवस केंद्रात पडून राहत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कुठल्याही वॉरंटीत तुमच्या फायली येत नाहीत. एसएसडी बदलली तर नवी मिळते, जुन्यातला मजकूर मिळत नाही. मदरबोर्ड बदलला तरी अडचण येऊ शकते. बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुविधेने कुलूपबंद असते आणि त्याची चावी बोर्डावरच्या टीपीएम चिपशी जोडलेली असते. बोर्ड बदलला की यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर चांगल्या डिस्कमधल्याही फायली उघडत नाहीत. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच शोधा, कागदावर लिहा आणि लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता दुसरीकडे ठेवा.

प्रश्न : स्वतः रॅम वाढवली तर वॉरंटी जाते का?

उत्तर : बऱ्याच मॉडेलांत जात नाही. कंपनीच्याच माहितीपुस्तिकेत रॅम किंवा एसएसडी बदलण्याच्या पायऱ्या दिल्या असतील तर ते मान्य आहे असं समजा. काम करताना तुमच्या हातून झालेलं नुकसान मात्र वॉरंटीत येत नाही. काढलेली मूळ रॅम जपून ठेवा आणि केंद्रात देताना तीच बसवून द्या. तपासणीतला एक वाद कमी होतो. नव्या रॅमला आणि एसएसडीला त्यांच्या कंपनीची वेगळी वॉरंटी असते, एसएसडीला बहुधा ३ किंवा ५ वर्षं. त्यांचं बिल वेगळं जपा.

प्रश्न : वापरलेला लॅपटॉप घेतोय. आधीच्या मालकाने वाढीव वॉरंटी घेतली होती. ती मला मिळेल?

उत्तर : कंपनीची योजना असेल तर ती बहुधा सिरियल नंबरशी जोडलेली असते, पण काही कंपन्यांकडे मालकी बदलल्याची नोंद करावी लागते. पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून शेवटची तारीख स्वतः पाहा, आणि मूळ बिल मागून घ्या. दुकानाच्या किंवा विमा कंपनीच्या योजना बरेचदा पहिल्या खरेदीदारापुरत्याच असतात. परदेशात घेतलेलं यंत्र असेल तर वॉरंटी कुठल्या देशात चालते तेही पाहा.

प्रश्न : माझी एक वर्षाची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय. लॅपटॉप ठीक चालतोय. मुदत वाढवू का?

उत्तर : अकराव्या महिन्यात हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. आधी एक संध्याकाळ काढून यंत्र नीट तपासा.

सुरू होताना निदान चाचणी चालवा. डेलमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ२ दाबून ती सापडते. चूक निघाली तर कोड येतो, त्याचा फोटो काढा. वर सांगितलेला बॅटरी अहवाल काढा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची स्थिती पाहा. विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवून रॅम तपासा. प्रत्येक यूएसबी खाच पेनड्राइव्ह लावून पाहा, कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून स्क्रीन बघा. एखादा मेलेला ठिपका बहुतेक कंपन्या मान्य करत नाहीत, पण रेघ किंवा वाढत जाणारा डाग करतात. चार्जरची पिन लावून हलवा. चार्जिंग तुटत असेल तर खाच सैल आहे. पंख्याच्या जाळीजवळ कान नेऊन ऐका. घरघर म्हणजे बेअरिंग झिजलंय, ते बदलून मागा. नुसती धूळ असेल तर साफसफाई वॉरंटीत येत नाही.

काही निघालं नाही, रॅम आणि एसएसडी बदलता येण्याजोग्या आहेत, वापर साधा आहे, तर आम्ही मुदत वाढवणार नाही. सगळं बोर्डावर जडवलेलं असेल, यंत्र रोज तापत असेल किंवा वर्षभरात एकदा बोर्ड बदलून झाला असेल, तर वाढवू. बदललेल्या भागाला बरेचदा ९० दिवस किंवा उरलेली मुदत, यातलं जे जास्त असेल तेवढंच संरक्षण असतं, आणि बसवलेला भाग नूतनीकरण केलेलाही असू शकतो.

दोष सापडला तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. फोनवर बोलणं पुरेसं नाही. ईमेल किंवा संकेतस्थळावरून तक्रार करा आणि तारखेसह तक्रार क्रमांक मिळवा. मुदतीत नोंदलेला दोष, दुरुस्ती नंतर झाली तरी, सर्वसाधारणपणे मुदतीतलाच धरला जातो.